वांग, मुरमं आणि 'ॲसिड' नावाचं मलम



त्वचेच्या आजारांवरचा आपला कार्यक्रम झाल्यापासून गटांकडून चिठ्ठ्या येतायत आणि बऱ्याच चिठ्ठ्यांमध्ये वेगवेगळ्या अक्षरांत एकच प्रश्न आहे. डॉक्टरांनी गालावरच्या वांगासाठी ट्यूब लिहून दिली, घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीनं नाव वाचलं तर ते निघालं 'ॲझेलेइक ॲसिड'. झालं! सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्या म्हणाल्या, अगं, ॲसिड कुणी तोंडाला लावतं का? एका ताईंची ट्यूब तेव्हापासून कोनाड्यात तशीच पडून आहे म्हणे. दुसऱ्या एकीनं ती दुकानात परत केली आणि तिच्याऐवजी 'आठ दिवसांत फरक' पडणारी दुसरी आणली.

मला खरी काळजी त्या दुसऱ्या ट्यूबची आहे. तिच्याकडे येतेच. पण आधी पहिलीबद्दलची भीती काढून टाकू.

ॲसिड म्हटलं की आपल्याला संडास धुवायची बाटली आठवते, नाहीतर पेपरातल्या त्या भयंकर बातम्या. पण ॲसिड म्हणजे आपलं आम्ल. दह्यात आम्ल आहे, चिंचेत आहे, लिंबात आहे. आम्ल कोणतं आणि किती तीव्र, यावर ते भाजणार की नाही ते ठरतं. ॲझेलेइक आम्ल हे मूळ रूपात पांढऱ्या पुडीसारखं असतं आणि पाण्यात धड विरघळतसुद्धा नाही. गव्हात आणि जवात ते थोड्या प्रमाणात असतं, म्हणजे पोळीबरोबर ते आपल्या पोटात जातच असतं. मलमात ते १० टक्के, १५ टक्के किंवा २० टक्के असं घातलेलं असतं. ते कातडी जाळत नाही. सुरुवातीला थोडं चुरचुरतं, ते का आणि किती, हे पुढे सांगते.

या औषधाचा शोध कसा लागला ते ऐकण्यासारखं आहे. आपल्याकडे काहींच्या मानेवर, पाठीवर, छातीवर फिकट चट्टे येतात, घाम फार येणाऱ्यांना जास्त. कुणी त्याला शिबं म्हणतं. तो प्रकार कातडीवरच्या एका बुरशीमुळे होतो. ती बुरशी तशी सगळ्यांच्याच अंगावर गुपचूप राहत असते. इटलीत मार्चेला नाझारो-पोरो नावाच्या संशोधक बाई आणि त्यांचे सहकारी सिरो पासी यांनी विचार केला, की या बुरशीच्या जागी कातडीचा रंग उतरतो, तर ही बुरशी असं काही तयार करत असेल का, की ज्यानं रंग बनणं थांबतं? त्यांनी बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिली आणि १९७८ साली आपलं म्हणणं मांडलं. त्या बुरशीत रंग अडवणारी जी आम्लं सापडली त्यांतलं एक म्हणजे हे ॲझेलेइक. (आता कुणी शिबं बरी करायची सोडून तशीच ठेवू नका हं. शिब्यांवर वेगळं, बुरशीचं औषध असतं.)

आता वांग म्हणजे काय ते पाहू, म्हणजे औषध काय करतं ते आपोआप कळेल. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. ऊन लागलं की त्या रंग करतात, कारण तो रंग म्हणजे आपली छत्री आहे. ऊन गेलं की त्यांनी थांबायला हवं. वांगाच्या जागी मात्र त्या थांबत नाहीत, थोडंसं निमित्त मिळालं की जोरात सुरू होतात. निमित्तं कोणती? पहिलं ऊन. दुसरं बाळंतपण: गरोदरपणात अंगातले स्त्री-संप्रेरक वाढतात आणि कित्येकींना वांग तेव्हाच पहिल्यांदा दिसतो. तिसरं, पाळणा लांबवण्याच्या संप्रेरकांच्या गोळ्या. चौथं, आईला असेल तर लेकीला. चुलीची धगसुद्धा वांग वाढवू शकते. यांत पोट साफ नसणं, रक्त खराब असणं, कुणाची नजर लागणं असलं काही येत नाही. आणि ज्या बाईला वांग आहे तिला यकृताचा काही आजार असणार, असं गावात बोललं जातं, तेही सोडून द्या.

ॲझेलेइक ॲसिड या जोरात धावणाऱ्या पेशींना लगाम घालतं. ज्या पेशी आपल्या चालीनं चालल्या आहेत त्यांच्यावर त्याचा परिणाम फारसा होत नाही. म्हणून वांग फिका होतो, पण बाकीचा चेहरा आपल्या मूळ रंगाचाच राहतो. सावळी बाई सावळीच राहते, तिच्या गालावरचा काळा डाग तेवढा कमी होतो. गोरं होण्यासाठी कुणी हे मलम घेणार असेल तर पैसे फुकट जातील, हे आधीच सांगून ठेवते.

मुरमांवरही हेच औषध चालतं. मुरमात तीन गोष्टी होतात. छिद्राचं तोंड बुजतं, आत जंतू वाढतात, मग ते लाल होऊन सुजतं. ॲझेलेइक या तिन्हींवर थोडं थोडं काम करतं. आणि मुरूम गेल्यावर मागे जो काळा ठिपका महिनोन् महिने राहतो, तोही फिका करतं. आपल्या रंगाच्या कातडीवर मुरमापेक्षा त्याचा डागच जास्त दिवस छळतो, म्हणून आपल्या मुलींना हे औषध चांगलं पडतं.

गुण किती येतो? खरं तेच सांगते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वांग असलेल्या ३२९ बायकांना २४ आठवडे औषध दिलं. काहींना २० टक्क्यांचं ॲझेलेइक, काहींना ४ टक्क्यांचं हायड्रोक्विनोन, म्हणजे वांगावरचं जुनं नावाजलेलं औषध. दोन्हींचा गुण जवळपास सारखा आला. ॲझेलेइक लावणाऱ्यांपैकी ६५ टक्के बायकांना चांगला किंवा खूप चांगला फरक दिसला. म्हणजे शंभरातल्या पस्तीसजणींना तेवढा दिसला नाही, हेही लक्षात असू द्या. आणि २४ आठवडे म्हणजे जवळजवळ सहा महिने. पेरणीला लावायला सुरुवात केली तर दिवाळी उलटून जाते. मुरमांना एवढा वेळ लागत नाही. तिथे चार आठवड्यांत थोडा फरक, दोन-तीन महिन्यांत चांगला फरक.

आता लावायचं कसं.

रात्री झोपताना सुरुवात करा. चेहरा साध्या पाण्यानं, सौम्य साबणानं धुवा. वजरीनं, खरखरीत कापडानं घासू नका, घासण्यानंही डाग गडद होतात. टॉवेलनं टिपून घ्या आणि दहा मिनिटं थांबा. ओल्या कातडीवर मलम जास्त चुरचुरतं, म्हणून हे थांबणं. मग बोटाच्या टोकावर हरभऱ्याच्या दाण्याएवढं मलम घेऊन डागांवर पातळ पसरवा. डोळ्यांजवळ, ओठांवर, नाकाच्या आत जाऊ देऊ नका. गेलंच तर भरपूर पाण्यानं धुवा. कातडी कोरडी पडत असेल तर पाच-दहा मिनिटांनी वरून साधं मॉइश्चरायझर लावा. नंतर हात धुवायला विसरू नका.

पहिले दोन आठवडे एक दिवसाआड रात्री. कातडीला सवय झाली की रोज रात्री. मग डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सकाळीही, म्हणजे दिवसातून दोनदा. काहीजणी पहिल्या दिवशी पूर्ण चेहऱ्यावर जाडसर थापतात, रात्रभर आग होते आणि सकाळी ट्यूब उकिरड्यावर जाते. जाड लावलं म्हणून लवकर गुण येत नाही, नुसती आग होते.

चुरचुर, खाज, थोडा कोरडेपणा हे पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याचजणींना होतं आणि हळूहळू कमी होतं. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटं चुरचुरून थांबत असेल तर चालू ठेवा. पण चेहरा सुजला, फोड आले, पाणी सुटलं किंवा आग तासन् तास राहिली तर धुवून टाका, बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. दम्याचा त्रास असेल तर औषध घेतानाच सांगा, कारण क्वचित कुणाचा दमा यानं वाढल्याची नोंद आहे.

खर्चाचंही बोलू, कारण मधेच सोडायचं बहुतेक वेळा कारण तेच असतं. पूर्ण चेहऱ्याला एका वेळी साधारण अर्धा ग्रॅम, म्हणजे बोटावर एक इंच मलम लागतं. दिवसातून दोनदा लावलं तर एक ग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवसांत संपणार. फक्त दोन गालांवरच्या डागांवर लावलं तर तीच ट्यूब महिना-दीड महिना पुरू शकते. सहा महिन्यांचा हिशेब आधी करा, डॉक्टरांना विचारा की पूर्ण चेहऱ्याला लावायचं की डागांपुरतं, आणि परवडेल असं दिसलं तरच सुरू करा. दोन ट्यूब वापरून सोडण्यात काही हशील नाही.

याच औषधाबरोबर घरचे उपाय चालू ठेवू का, असंही विचारलंय. नको. लिंबू नको, खायचा सोडा नको, टूथपेस्ट नको. लिंबू लावून उन्हात गेलं तर कातडी भाजून आणखी काळी पडू शकते. आणि बिब्बा तर स्वप्नातही नको. बिब्ब्याचं तेल लागून चेहरा सुजलेल्या, फोड आलेल्या, वर्षभर काळा चट्टा राहिलेल्या बायका दवाखान्यात येतात. हळद-बेसनाचं उटणं हळू हातानं कधीमधी लावलंत तर माझं काही म्हणणं नाही, पण ज्या आठवड्यात मलमानं चुरचुरतंय त्या आठवड्यात तेही बाजूला ठेवा.

आता उन्हाचं. इथे मी जरा हट्टानं बोलणार आहे. उन्हापासून न जपता वांगावर कुठलंही मलम लावणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. रात्री औषध लगाम घालणार आणि दिवसा ऊन तो सोडवणार. मला ठाऊक आहे, निंदणी-खुरपणी सोडून सावलीत बसा असं सांगून उपयोग नाही. मग काय करता येईल? नुसता पातळ पदर डोक्यावर घेतल्यानं गाल उघडेच राहतात आणि विरळ कापडातून ऊन आत येतं. घट्ट विणीचा, गडद रंगाचा सुती रुमाल डोक्यावरून गालांवर घेऊन बांधा, वर रुंद काठाची टोपी असेल तर उत्तम. टोपी घातली तर बाया हसतात हे खरंय. गटातल्या पाच-सहाजणींनी एकदम घातली की हसणं बंद होतं. सकाळी लवकर आणि उन्हं कलल्यावर काम उरकता आलं तर दुपारचं ऊन टळतं.

परवडत असेल तर सनस्क्रीन घ्या, एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं. दोन बोटांवर लांब रेघ काढून येईल तेवढं चेहरा आणि मानेला लागतं, आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर कातडीच्या रंगाची तपकिरी झाक असलेलं सनस्क्रीन जास्त चांगलं, कारण त्यातलं लोहाचं ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशही अडवतं, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीत तो प्रकाशही वांग वाढवतो. सकाळी आधी औषध, ते मुरलं की सनस्क्रीन, मग रुमाल.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. वांगावरची आणि मुरमांवरची पुष्कळ औषधं गरोदरपणात चालत नाहीत. ॲझेलेइक कातडीतून अंगात अगदी थोडं जातं, म्हणून गरोदरपणात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या थोड्या मलमांत ते येतं. तरी डॉक्टरांना विचारूनच लावा. गरोदरपणात आलेला वांग बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याचदा आपोआप फिका होतो, तेव्हा घाई नसेल तर थांबलेलंही बरं. पाजत असाल तर बाळाचं तोंड लागेल तिथे मलम नको. आणि पाळणा लांबवणाऱ्या गोळीमुळे वांग आलाय असं वाटलं तर मनानं गोळी बंद करू नका. आशाताईंशी, नर्सबाईंशी बोला. संप्रेरक नसलेली 'छाया' गोळी आहे, तांबी आहे, पर्याय मिळू शकतो.

आता त्या दुसऱ्या ट्यूबकडे येते.

'आठ दिवसांत फरक' देणाऱ्या बऱ्याच ट्यूबांमध्ये तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. हे मिश्रण खोटं नाही. त्वचातज्ज्ञ ते काही आठवड्यांपुरतं देतात, तपासणीला परत बोलावतात आणि वेळेवर बंद करतात. आपल्याकडे काय होतं? एकीची चिठ्ठी पाचजणींत फिरते, चिठ्ठी नसली तरी दुकानात ट्यूब मिळते, आणि फेअरनेस क्रीम समजून ती दोन-दोन वर्षं लावली जाते.

पहिले आठ-पंधरा दिवस चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो, हे खरं आहे, म्हणून तर ती खपते. दोन-चार महिन्यांनी कातडी पातळ व्हायला लागते. गालांवर लाल बारीक शिरा दिसतात. चुलीपुढे बसलं की चेहरा पेटतो. मुरमं येतात, काहींच्या गालावर, हनुवटीवर लव वाढते. मग बाई घाबरून ट्यूब बंद करते, तर दोन दिवसांत चेहरा लालबुंद होऊन खाजतो. पुन्हा लावली की शांत होतो. म्हणजे ट्यूब हेच औषध असं तिला वाटतं, आणि ती सुटतच नाही. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर निळसर काळे डाग पडतात, आणि ते वांगापेक्षाही चिवट असतात. देशातल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेनं याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८ साली केंद्र सरकारनं कातडीवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. नियम झाला, पण दुकानात मागितलं की अजून मिळतं.

म्हणून ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचायला शिका. स्वतःला येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन: यांतलं एक जरी नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. ही नावं गटाच्या वहीत लिहून ठेवली तर कुणालाही पटकन ताडून पाहता येईल. ज्या डबीवर काय घातलंय तेच लिहिलेलं नाही, कारखान्याचा पत्ता नाही, ती तर घेऊच नका. अशा काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडला आहे. २०२३ साली केरळात मलप्पुरम जिल्ह्यात किडनीच्या आजाराचे काही रुग्ण आले, तेव्हा डॉक्टरांनी त्याचा संबंध अशाच क्रीमशी जोडला. चेहऱ्याला लावलेलं औषध किडनीपर्यंत गेलं.

ज्या ताई महिनोन् महिने स्टेरॉइडची ट्यूब लावत आहेत त्यांनी आज ऐकलं म्हणून उद्यापासून ॲझेलेइक लावू नये. पातळ झालेल्या कातडीवर ते फार झोंबतं. आधी डॉक्टरांना ट्यूब दाखवा, ती कशी सोडायची ते विचारा, कातडी सावरू द्या, मग पुढचं. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. रिकामी ट्यूबही बरोबर न्या.

मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत, पंधरा दिवस राहिलेत, काहीतरी द्या, असं सांगणाऱ्या आया मला भेटतात. त्यांना मी सरळ सांगते, पंधरा दिवसांत ॲझेलेइकनं काही होणार नाही आणि पंधरा दिवसांत होईल असं जे आहे ते मी देणार नाही. मुरमं झाकली नाहीत तर काय होईल? एखादं स्थळ जाईल. त्या ट्यूबनं जे होतं ते लग्नानंतरही तिच्या तोंडावर राहतं.

प्रत्येक डाग वांग नसतो, हेही बघा. वांग बहुधा दोन्ही गालांवर सारखा येतो, कपाळावर, वरच्या ओठावर येतो, खाजत नाही. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी जाड काळी कातडी असेल तर ती घासून निघणारी घाण नाही. ती साखर वाढण्याची खूण असू शकते, रक्त तपासून घ्या. कपाळावर टिकलीच्या जागी खाज येऊन काळा किंवा पांढरा डाग पडत असेल तर टिकलीच्या गोंदाचा त्रास आहे, टिकली बंद करा. आणि फिकट किंवा लालसर डाग असेल, तिथे टोचलेलं, गरम-गार काही कळत नसेल, तर कुठलंही मलम न लावता आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर तो पूर्ण बरा होतो.

त्वचातज्ज्ञ कुठे भेटतील, हा शेवटचा प्रश्न. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचेची ओपीडी असते, वार विचारून जा. तालुक्याहून तेवढं जाणं जमत नसेल तर गावच्या उपकेंद्रात, आयुष्मान आरोग्य मंदिरात, ई-संजीवनीवरून दूरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं का ते तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. जाताना चेहऱ्यावर पावडर, क्रीम काही लावू नका, आणि आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या. औषध सुरू करायच्या दिवशी दारात, उजेडात, एक फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी दुसरा काढा. रोज आरशात बघणाऱ्या बाईला हळूहळू होणारा फरक दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून तिसऱ्या महिन्यात मलम सुटतं.